आलेख दिसत नाही

लोकांचे नवरे पत्ते कुटतात, नाहीतर राजकारणावरून घसा कोरडा करतात. आमचे हे ठिगळं लावतात. म्हणजे खरी ठिगळं मीच लावते, कपडे दुरुस्तीचं दुकान माझं आहे. हे लावतात ती संगणकाला.

पूल किती थरथरतात ते मोजणं ही ह्यांची नोकरी. पुलाखाली यंत्रं चिकटवायची, वरून गाड्या गेल्या की आकडे गोळा करायचे आणि गणिताच्या एका अगडबंब सॉफ्टवेअरमध्ये घालून त्यांचा आलेख काढायचा. त्या सॉफ्टवेअरला जगातलं सगळं गणित येतं, फक्त ह्यांना हवं असतं तेवढंच नेमकं येत नाही. मग हे घरी बसून त्याला जोडायला छोटे छोटे प्रोग्रॅम लिहितात आणि जगाला फुकट वाटतात. त्याला अ‍ॅड-ऑन म्हणतात. मी ठिगळ म्हणते. ह्यांचं सगळ्यात गाजलेलं ठिगळ पुलाच्या आकड्यांतून वाऱ्याचा आणि इंजिनांचा गोंगाट गाळून देतं.

असे लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे जगात पुष्कळ आहेत म्हणे. कुणी नदीचं पाणी मोजतो, कुणी हृदयाचे ठोके. एकाचं ठिगळ दुसरा वापरतो आणि मग एका पानावर त्यातल्या चुका लिहून कळवतो. तिथे ह्यांचं नाव 'सरळरेघ'. इतक्या वर्षांत कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नाही.

"अहो, लोक तुमच्या चुका काढतात आणि तुम्ही हसताय काय?" मी एकदा विचारलं होतं.

"अगं, चूक काढणारा वापरतोय म्हणून काढतो," हे म्हणाले. "न वापरणारा 'छान आहे' म्हणतो आणि पुढे जातो."

हाच कायदा घरात. लग्न झाल्यापासून माझ्या हातच्या जेवणाला ह्यांनी कधी छान म्हटलेलं नाही. भाजी अंमळ जास्त शिजली, सूप पातळ झालं, या बाहीची शिवण बघ, दोन धागे वाकडी गेलीये. मी चिडायची, भांडी आपटायची, आणि शिवण उसवून पुन्हा घालायची. कारण मेली खरोखरच वाकडी असायची.

मग ह्यांचे डोळे गेले. पूर्ण नाही, मधून गेले. कडेकडेचं दिसतं, म्हणून घरात वावरता येतं. पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसट होतं. आता माझ्याशी बोलताना हे माझ्या कानाकडे बघतात, म्हणजे चेहऱ्याची एक कड तरी हाती लागते. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं राहील, गेलेलं येणार नाही. आकडे मोठे करून किंवा वाचून घेऊन भागलं असतं, पण आलेखाची ती बारीक रेघ काही केल्या सापडेना. ह्यांनी साहेबांना सांगून टाकलं की महिनाअखेरीस मी थांबतो. साहेब म्हणाले, घाई करू नका. हे म्हणाले, पूल माझ्यासाठी थांबणार आहे का?

नोकरी जाईल याची मला धास्ती नव्हती, दोघांपुरतं माझं दुकान चालतं. धास्ती वेगळीच होती. ह्यांनी चुका काढणं बंद केलं. काहीही वाढलं तरी "छान आहे." मी पडदे उलटे लावले, "छान आहेत." शेवटी माझं डोकं फिरलं आणि मी जेवणात मीठच घालायचं सोडलं. म्हटलं, आता कसे बोलत नाहीत ते बघते! हे रोज तो अळणी पाला निमूट गिळायचे आणि म्हणायचे, "छान झालंय." मी स्वयंपाकघरात जाऊन रडायची आणि माझ्या ताटात मीठ घालून घ्यायची.

एका दुपारी हे झोपले होते आणि संगणक उघडाच होता. समोर ते चुका कळवायचं पान. मला या जगात लिहायला दुसरी जागाच माहीत नव्हती. दुकानाच्या ऑर्डरी टाइप करते तसं दोन बोटांनी टाइप केलं: 'आलेख दिसत नाही.' आणि पाठवून दिलं, ह्यांच्याच नावानं.

थोड्याच वेळात 'घुबड' नावाच्या कुणाचं उत्तर आलं. "सरळरेघ, चूक सापडली वाटतं! कोणती आवृत्ती? आलेखाची खिडकी उघडते का?"

मी लिहिलं, "आवृत्ती अठ्ठावन्न वर्षांची. खिडकी उघडी आहे. मधलं दिसत नाही, कडा दिसतात."

नदीचं पाणी मोजणारा मध्येच म्हणाला, "पडद्याचं कार्ड जुनं झालं असेल. बदलून बघा."

"बदलून मिळत नाही," मी लिहिलं. "डॉक्टरांना विचारलं."

मग घुबडानं विचारलं, "तुम्ही सरळरेघच्या कोण?"

"बायको," मी लिहिलं, आणि मग धरण फुटल्यासारखं सगळंच लिहून टाकलं, मिठासकट.

घुबड पक्ष्यांच्या आवाजाचा अभ्यास करणारा निघाला. त्याच्या पहिल्या ठिगळात ह्यांनी इतक्या चुका काढल्या होत्या म्हणे की तो आठवडाभर ह्यांना शिव्या देत होता. "आज माझं ठिगळ अर्धं जग वापरतं ते त्या चुकांमुळे," त्यानं लिहिलं. "वहिनी, थोडी कळ काढा."

मी कळ काढली आणि मीठ काढलेलंच ठेवलं. महिना संपायला आला तेव्हा घुबडाचं नवं ठिगळ आलं. ते आलेख गाऊन दाखवायचं. रेघ वर चढली की सूर चढतो, खाली आली की उतरतो. हृदयाचे ठोके मोजणारीनं त्यातला आवाज कमीजास्त करायची सोय केली होती, नदीवाल्यानं वेग. घुबड एकेक पायरी सांगत गेला आणि मी ते बसवलं. मग ह्यांना खुर्चीवर आणून बसवलं आणि जुन्या पुलाचे आकडे लावले.

खोलीत एक खर्जातला सूर घुमायला लागला. गाडी आली असावी, तो वर चढला, थरथरला, हळूहळू उतरून शांत झाला. ह्यांचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट झाला.

"कुणी केलं?"

"घुबडानं. तुमच्यासाठी."

हे खुर्चीत मागे रेलले. मग म्हणाले, "छान आहे."

मी तडक स्वयंपाकघरात गेले आणि कांदा नसतानाही कांदा चिरल्यासारखे डोळे पुसत उभी राहिले. एवढ्या लोकांनी जीव टाकला, आणि ह्यांचं आपलं छान आहे!

तेवढ्यात तो सूर पुन्हा लागला. थांबला. पुन्हा तिथूनच लागला. आणि मग हाक आली, चांगली खणखणीत.

"अगं ए! इकडे ये आणि लिहून घे. ह्याला अक्कल आहे की नाही? आकडे नाहीत तिथे हा गप्प बसतो. पूल शांत आहे की यंत्र बंद पडलंय, माणसानं ओळखायचं कसं? तिथे एक टिचकी वाजव म्हणावं. आणि चढताना एवढी घाई? पूल आहे तो, चिमणी नाही!"

मी दोन बोटांनी लिहीत होते आणि मला अक्षरं दिसत नव्हती. आता आलेख मला दिसत नाही अशी वेळ आली होती. घुबडाचं उत्तर लगेच आलं: "सरळरेघ परत आले!" मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. हे नुसतेच नाकातून फुसफुसले, पण साहेबांना फोन करून सांगितलं, की इतक्यात थांबत नाही.

जेवायला बसलो. पहिलाच घास तोंडात गेला आणि ह्यांनी चमचा खाली ठेवला.

"मीठ नाही यात."

"अगोबाई!" मी म्हटलं. "आज कळलं होय?"

"आज कशाला? किती दिवस अळणी गिळतोय. डोळे गेलेत माझे, जीभ नाही."

"मग बोलला का नाहीत?"

हे माझ्या कानाकडे बघत राहिले. "मला वाटलं, माझ्या काळजीनं तुझं लक्ष उडालंय. आधीच दमतेस, त्यात आणखी चुका कुठे काढू?"

मी उठले आणि मिठाची बरणी आणून ह्यांच्या हातात दिली.