ट्रंपेट, पियानो आणि कुंकू

माझं लग्न ठरलं तेव्हा मी स्टेजवर उभी होते, हॉल माणसांनी भरलेला होता, आणि इथं लग्न ठरतंय हे त्या हॉलमधल्या एकूण एक मराठी माणसाला ठाऊक होतं. मला सोडून. रशियन लोकांनाही ठाऊक नव्हतं, पण त्यांचं काय जात होतं? आज इतकी वर्षं झाली तरी ही गोष्ट सांगायला बसले की माझ्या डोक्यात तिडीक जाते. कुणाला वाटेल बाई चिडकी आहे. आहेच.

साल बासष्टचं. भिलाईत तेव्हा जिकडं जावं तिकडं खणलेलं असायचं. आज जिथून चालत गेलो तिथं उद्या पाइप टाकायला खड्डा. माझे बाबा, कृष्णराव, गोंदियाच्या लोको शेडमधून इथं प्लांटच्या रेल्वेत चार्जमन म्हणून आले आणि आम्ही मरोद्याच्या क्वार्टरमध्ये राहायला लागलो. गोंदियाला असताना मी भजनी मंडळात पेटी वाजवायची. त्यामुळं रशियन लोकांच्या क्लबात नवीन वर्षाच्या कार्यक्रमाला आम्हा पोरांना नेलं, तेव्हा बाकीची पोरं केकवर तुटून पडली आणि मी कोपऱ्यातल्या पियानोवर. भजनातलीच एक चाल एका हातानं वाजवून पाहिली. मागं एक उंच, गोरी बाई येऊन उभी राहिली होती. तिनं माझा दुसरा हात धरला आणि तोही पट्ट्यांवर ठेवला.

त्या लिदिया आंद्रेयेव्ना. नवरा प्लांटमध्ये क्रेनचा इंजिनियर. आमच्या आईच्या तोंडात ते नाव काही मावेना, म्हणून तिनं त्यांची लिदियाबाई करून टाकली. आपल्या देशात त्या मुलांना पियानो शिकवायच्या. इथं त्यांना शिकवायला कुणी नव्हतं, आणि मला शिकवणारं कुणी नव्हतं.

आमच्यात भाषेची पंचाईत होती. ती तेजरामनं सोडवली. तेजराम तुमसरचा, प्लांटमध्ये टेम्पररी खलाशी, म्हणजे ओढाताणीचं काम करणारा मजूर. लिदियाबाईंच्या नवऱ्याच्या हाताखाली क्रेनवर राहून राहून तो चांगलं फाडफाड रशियन बोलायला लागला होता. लिदियाबाईंचं मी ऐकायचं ते तेजरामच्या तोंडून, आणि माझं त्यांनी ऐकायचं तेही तेजरामच्याच तोंडून. एक दिवस बोलता बोलता कळलं, की हा गडी गावी मामाच्या बँड पार्टीत ट्रंपेट वाजवायचा. लिदियाबाईंनी त्याला ट्रंपेट आणायला लावलं. त्यानं पहिला सूर मारला आणि क्लबातला आचारी किचनमधून पळत बाहेर आला. लग्नाच्या वरातीत ताशांच्या वर ऐकू जायला हवं ना, तसा तो सूर होता. लिदियाबाई कानावर हात ठेवून हसल्या, पण सोडलं नाही त्याला. हळू कसं फुंकायचं, एक सूर किती वेळ धरून ठेवायचा, सगळं शिकवलं.

मग त्यांनी आम्हा दोघांना एकत्र बसवलं. माझी पाठ त्याच्याकडं असायची, म्हणून तो कधी सुरू करतोय ते मला दिसायचं नाही. ते मी त्याच्या श्वासावरून ओळखायची. तेजरामनं श्वास आत घेतला की माझी बोटं आपसूक उचलली जायची. प्रेमबिम काही नव्हतं हो. त्याला कुरुदच्या एका पोरीचं वेड होतं आणि तिच्या गोष्टी सांगून सांगून तो माझं डोकं खायचा. पण माझा त्याच्यावर भरवसा होता. सख्ख्या भावावर नसेल इतका होता, हे मी आज मुद्दाम सांगते.

पुढच्या हिवाळ्यात लिदियाबाई आमच्या क्वार्टरवर आल्या. उन्हाळ्यात त्या परत जाणार होत्या, आणि त्याआधी क्लबात आम्हा दोघांचा कार्यक्रम करणार होत्या. कलकत्त्याला एका संगीत शाळेत त्यांच्या ओळखीच्या बाई शिकवत होत्या. तिथं मुलींचं होस्टेल होतं आणि त्या मला घ्यायला तयार होत्या. फक्त वडिलांचा होकार हवा. तेजराम हे सगळं बाबांना सांगत होता आणि मी दाराआड उभी राहून ऐकत होते. मला दुसरं काहीच नको होतं. साड्या नको, दागिने नको, फक्त ते कलकत्ता पाहिजे होतं.

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, "पयले कार्यक्रम होऊ द्या. लोकं पाहू द्या पोरीले. मंग पाहू."

मी ते अर्धा होकार म्हणून घेतलं. मूर्ख पोरगी!

आता थोडं मागचं सांगायला हवं. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मला बघायला दोन स्थळं येऊन गेली होती. दोन्ही मी मोडली होती. पाहुण्यांसमोर चहा ठेवला आणि सरळ सांगितलं, मी पियानो सोडणार नाही, तुमच्या घरी पियानो आहे का? एक मुलगा तर चहा न पिताच उठला. बाबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. या पोरीला समोर बसवून दाखवायचं नाही, हे त्यांनी तेव्हाच मनाशी ठरवलं असणार. न सांगता दाखवायचं. आणि त्यासाठी लिदियाबाईंनी त्यांना आयता कार्यक्रम दिला.

कार्यक्रमाची तयारी तर बाबांनीच अशी केली, की मला भरून यायचं. स्वतः पास वाटत हिंडले. माझ्यासाठी दुर्गवरून जरीकाठाची हिरवी साडी आणली. ज्या माणसानं कधी पियानोला पेटीहून मोठं मानलं नाही, तो माणूस शेजाऱ्यांना सांगत होता, "आमची नलू रशियन बाजा वाजवते." मला वाटलं, बापाचं मन वळलं. मी देवापुढं साखर ठेवली.

आईनं त्या दिवशी माझी वेणी घातली, गजरा माळला आणि वर नथ घातली.

"माय, स्टेजवर नथ कायले?"

"लोकं पाहून राहिले ना तुले," आई म्हणाली, आणि डोळे पुसायला लागली. मला वाटलं आनंदानं रडतेय. मी उलट तिचीच समजूत काढली.

क्लबात पुढच्या रांगेत रशियन साहेब, त्यांच्या बायका, आणि मधोमध आमची गोंदियाकडची माणसं. बाबा म्हणाले, "आपलेच लोकं हायेत, बाजा ऐकाले आले." त्यात एक जाड काठाचं लुगडं नेसलेली ठकूबाई नावाची बाई होती, मांडीवर मोठी पिशवी घेऊन बसलेली. शेजारी तिचा भाचा हिरालाल, रेल्वेत गार्ड, आणि पलीकडं त्याचे काका. मी तिघांना नमस्कार केला. पाहुणे म्हणून केला.

आणि आम्ही वाजवलं. हे मला नीट सांगू द्या, कारण हे खरं होतं. लिदियाबाईंनी त्यांच्या गावाकडची एक पाळण्याची चाल ट्रंपेट आणि पियानोसाठी बसवली होती. सुरुवातीला मी एकटी, डाव्या हातानं, झोका द्यावा तशी. मग मागं तेजरामचा श्वास, आणि त्यावर इतका मऊ सूर, की हा माणूस कधी वरातीत वाजवत होता हे कुणाला सांगून पटलं नसतं. मधे एक जागा होती, तिथं दोघांनी थांबायचं आणि मग एकदम उठायचं. रोज तिथं आमचं चुकायचं. त्या दिवशी चुकलं नाही. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. मला वाटलं, आता कलकत्ता. आता कुणी नाही म्हणूच शकणार नाही.

वाजवणं झालं की उठायचं, पियानोशेजारी उभं राहायचं आणि मान वाकवायची, असं लिदियाबाईंनी शिकवलं होतं. टाळ्या सुरू झाल्या. मी उठले. तेवढ्यात ठकूबाई पिशवी घेऊन स्टेजच्या पायऱ्या चढून आल्या. हातात कुंकवाचा करंडा. भजनी मंडळात चांगलं गाणाऱ्या बाईला कुंकू लावून नारळ देतात, ते मी लहानपणापासून पाहिलं होतं. मला वाटलं, तसंच. आपल्या माणसांना आपल्या पद्धतीनं कौतुक करायचंय. मी हसले आणि मान वाकवली.

ठकूबाईंनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, पदरात साडी टाकली, नारळ टाकला, तांदूळ टाकले, मुठीत साखर दिली. त्याच क्षणी माझ्या मागं ट्रंपेट वाजलं. मऊ नाही. नवरदेव मांडवाच्या दारात आला की बँडवाले वाजवतात ती चाल, ताशांच्या वर जाणारी, फुल आवाजात.

पदरातली साडी बघितली. खाली बघितलं तर बाबा हिरालालच्या काकांना मिठी मारत होते. आमच्याकडं कुंकू लागलं आणि ओटी भरली की पोरगी ठरली. पुढं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मग लग्न. तिथून माघार म्हणजे बापाचं नाक कापलं. आणि मी तर कुणी जबरदस्तीनं बसवलेलीही नव्हते. भरल्या हॉलसमोर, हसत, स्वतः कपाळ पुढं केलं होतं.

रशियन लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, हिंदुस्थानात कलावंताचा असा मान करतात.

मी तेजरामकडं वळले. त्यानं ट्रंपेट खाली घेतलं.

"तुले मालूम होतं?"

"काकाजी म्हणे, तुलेबी मालूम हाय म्हणून." माझ्या बाबांना तो काकाजी म्हणायचा.

"मंग मले एका शब्दानं कावून नाही विचारलं? रोज तं बाजूले उभा राहत होता!"

तो ट्रंपेटच्या बटणांशी चाळा करत राहिला. मग हळूच म्हणाला, "मी टेम्पररी हावो, नलू. काकाजी साहेबापाशी माह्या नावाचा शब्द टाकून राहिले."

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण हात पदराला अडकलेले होते, ओटी सांडेल म्हणून. बघा, तेवढ्यातही मी ओटी सांभाळत होते! त्या माझ्या हातांचा मला आजही राग येतो.

लिदियाबाई स्टेजवर आल्या. मला जवळ घेतलं, कपाळावरच्या कुंकवाकडं कौतुकानं बघितलं आणि तेजरामला काहीतरी विचारलं. त्यातला कलकत्ता हा शब्द मला कळला.

मी म्हणाले, "तेजराम, तिले सांग. माह्यं लग्न ठरवलं, मले न विचारता. मले हे नाही पायजे. मले कलकत्त्याले जायचं हाय. सांग."

तेजरामनं खाली बाबांकडं पाहिलं. बाबा हसतच होते, पण त्यांचे हात जोडलेले होते. ते मला जोडले होते की त्याला, मला माहीत नाही. मग तेजराम रशियनमध्ये बोलला. बराच वेळ, अगदी गोड. मला रशियन येत होतं ते पियानोपुरतं. हळू, पुन्हा, छान, नाही. त्याच्या एवढ्या बोलण्यात छान दोनदा आलं. नाही एकदाही आलं नाही.

लिदियाबाईंचा चेहरा उतरला. जरा वेळ त्या माझ्याकडं बघत राहिल्या, आपण इतके दिवस कुणाला शिकवलं असं. मग मोठ्या मनानं हसल्या आणि माझ्या गालाला ओठ टेकवले. त्यांना वाटलं, मीच कलकत्त्याऐवजी नवरा निवडला.

तेव्हा मी ओरडले. त्यांच्याच भाषेत, मला येत होता तो 'नाही'. "न्येत!" आणि पुन्हा, "न्येत! न्येत!"

लिदियाबाईंनी माझे दोन्ही खांदे धरले. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. एक क्षण मला वाटलं, कळलं यांना. त्या झटकन तेजरामकडं वळल्या आणि विचारलं, ही कशाला नाही म्हणतेय? दुसऱ्या कुणाला विचारणार होत्या?

तेजराम माझ्याकडं बघत नव्हता. त्यानं ट्रंपेट बगलेत धरलं, डोक्यावरून पदर ओढल्यासारखा हात फिरवला, हनुवटी छातीला लावली आणि लाजऱ्या नवरीसारखा मुरका मारला. मग रशियनमध्ये काहीतरी म्हणाला. आमच्याकडं मुली अशाच नाही नाही म्हणतात, असंच काहीतरी असणार.

आधी लिदियाबाई हसल्या. मग पुढच्या रांगेतले सगळे साहेब, त्यांच्या बायका, ठकूबाई, बाबा. आईसुद्धा डोळे पुसत पुसत हसली. मी मधे उभी राहून न्येत म्हणत होते, आणि जितक्यांदा म्हणावं तितका हॉल जास्त हसत होता. शेवटी त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. पाळण्याच्या चालीला पडल्या होत्या, त्याहून या टाळ्या जास्त होत्या.