राजूरची परीक्षा

जालन्यातल्या बियाणे कंपनीनं ज्योत्स्नाला दुसरी संधी दिली, तीच मुळात नाखुशीनं. पुण्यातली नोकरी सोडून तिनं काडेपेटीहून जराशी मोठी एक डबी बनवली होती. लॉजवर, स्टँडवर, कुठलंही वायफाय असो, लॅपटॉपची वायर या डबीला जोडायची. मग सगळी माहिती कुलूपबंद वाटेनं थेट कंपनीच्या ऑफिसात जायची, मधल्या कोणाला वाचता यायची नाही. पण पहिल्याच चाचणीत नाचक्की झाली. तपासनीस साक्षीनं ती वाट अडवताच डबीनं गुपचूप उघडा रस्ता धरला, आणि नव्या वाणाचा अहवाल साक्षीच्या पडद्यावर जसाच्या तसा उमटला. कंपनीनं साक्षीला नेमलं होतं तेच मुळी अशी भोकं शोधायला. ज्योत्स्ना तेव्हा खाली मान घालून घरी आली, पण डबी तिनं पुन्हा उघडली.

दुसरी चाचणी राजूरच्या एका लॉजवर ठरली. चतुर्थीचा दिवस. गणपतीच्या गर्दीनं मोबाइलची रेंज पार बसली होती, त्यामुळे वायफायशिवाय गत्यंतर नव्हतं. फिरतीच्या माणसांचे प्रमुख सोमेश्वर लॅपटॉप उघडून बसले. साक्षीनं शेजारच्या खोलीत लॉजच्याच नावाचं खोटं वायफाय सुरू केलं. डबी त्याला जाऊन चिकटली.

सोमेश्वरांनी अहवाल पाठवला. साक्षीनं लगेच कुलूपबंद वाट अडवली. अहवाल अर्ध्यातच थांबला.

"बंद पडली का मंग?" सोमेश्वरांनी विचारलं. त्यांचा हात लॅपटॉप मिटायला निघाला होता.

"बंद पडली न्हाई सर, डबीनंच पाठवणं बंद केलं," ज्योत्स्ना म्हणाली. तिनं नजर हटवली नाही. "वाट बराबर न्हाई दिसली की ती काहीच बाहेर सोडत न्हाई. साक्षीताईंना विचारा, काय हाती लागलं."

साक्षी दारात येऊन उभी राहिली. तिनं नाना तऱ्हा करून पाहिल्या होत्या.

"एक अक्षर न्हाई," ती म्हणाली आणि हसली. "आज मी हरले."

तिनं खोटं वायफाय बंद केलं. डबीनं आपणहून लॉजचं खरं वायफाय धरलं, आणि चहा येईपर्यंत अहवाल जालन्याला पोचलासुद्धा. सोमेश्वर बराच वेळ डबी हातात फिरवत राहिले. मग त्यांनी वायफायवरूनच ऑफिसला फोन लावला आणि फिरतीवरच्या प्रत्येकाला ही डबी द्यायची, असं सांगून टाकलं. ही मात्र माझ्याकडेच राहील, म्हणत त्यांनी ती आपल्या बॅगेत टाकली.

ज्योत्स्ना बाहेर आली. रस्ता नारळ-फुलांच्या गाड्यांनी आणि माणसांनी फुलून गेला होता. गर्दीतून वाट काढत ती रेंज मिळेपर्यंत चालत गेली आणि कुंभार पिंपळगावला आईला फोन लावला. मालनबाईंना त्यातलं यंत्र-तंत्र फारसं कळलं नाही, पण लेक जिंकली एवढं बराबर कळलं. त्यांनी फोन तसाच कानाला ठेवून अंगणातूनच सगळ्या गल्लीला ओरडून सांगितलं, आणि इकडे ज्योत्स्ना भर रस्त्यात मोठ्यानं हसत राहिली.