काय कमी न्हाई

लांब काठी खांद्यावर टाकून तुदा नदीकाठच्या रानात उतरली, तर तिच्या बापाच्या अक्रोडाखाली दुसऱ्याच बाया वेचायला बसलेल्या. वर फांदीत जायद काठीनं झोडपत होता. हिरवी फळं सातूच्या धसकटांत टपाटप पडत होती.

"जायदभाऊ, झाड चुकलास का रं?" ती हसतच म्हणाली.

"कसं चुकंल? इकत घेतलंय. झाडबी आन् रानबी." तो वरूनच बोलला. "हद्दूनं सांगितलं न्हाई व्हय तुला?"

हद्दू तिचा थोरला भाऊ. खाली बाजाराच्या गावात त्याचं दुकान होतं.

"आन् माझा वाटा?"

जायद झाडावरून उतरला. त्यालाही अवघडल्यासारखं झालं. "तुजा वाटा तू सोडलास की. बापाच्या तिसऱ्याला, समद्या जमातीम्होरं. मीबी हुतो तितं."

तुदा काठी टेकून उभी राहिली. वेचणाऱ्या बायांचे हात सालपटांच्या रसानं काळे झाले होते. त्या मान वर करेनात.

बापाच्या मयतीनंतरचा तो तिसऱ्याचा दिवस तिला लख्ख आठवत होता. मांडवात मटणाची ताटं फिरत होती. जमातीचे म्हातारे भिंतीला टेकून बसले होते. हद्दूनं तिला आतून बोलावून घेतलं आणि सगळ्यांच्या देखत मायेनं विचारलं, "तुदे, बापामागं तुला काय कमी हाय का? सांग मोकळ्या मनानं." रडून रडून तिचे डोळे सुजले होते. एवढ्या माणसांत भावानं आपली विचारपूस केली, याचंच तिला भरून आलं. ती म्हणाली, "काय कमी न्हाई, दादा. समदं हाय. अल्हम्दुलिल्लाह." हद्दू म्हाताऱ्यांकडं वळून म्हणाला होता, "ऐकलंत न्हवं?" तिला वाटलं, बहिणीचं कौतुक सांगतोय.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

तिचा नवरा ऐन तरुणपणी खाणीत दबून मेला, तेव्हापासून ती बापाच्या घरी होती. पुढं बाप, म्हातारा बासू, अंथरुणाला खिळला. त्याचं हगणंमुतणं, न्हाणं, घास भरवणं सगळं तुदानं केलं. हद्दू ईदेला यायचा, साखरेचा गड्डा ठेवून जायचा. पण बासूनं लेकीला एक सवय लावली होती. सांजच्याला भाकरी मोडण्याआधी दिवसातली एक गोष्ट नाव घेऊन सांगायची आणि तिचे आभार मानायचे. "ढिगानं आभार मानू नगंस, पोरी," तो म्हणायचा. "ढिगात काय हाय ते आपल्यालाच म्हाईत नसतंय." मग ती सांगायची, शेळीनं लाथ मारली पण अर्धं दूध राहिलं. शेजारच्या यामनामावशीनं सरपणाचा भारा उचलून दिला. आज बाबा, तुम्ही हसलात. त्या एका सवयीवर तिनं बर्फाचे हिवाळे काढले. तिचं तोंड कधी आंबट झालं नाही, आणि तुदा म्हणजे समाधानी बाई, असं गावात नाव झालं.

त्या नावानंच घात केला होता.

दुसऱ्या दिवशी ती चालत बाजाराला गेली. हद्दू गिऱ्हाइकाला साखर जोखत होता. तिच्याकडं न बघताच म्हणाला, "येवढ्या लांब कशाला आलीस?"

"दादा, मी वाटा कवा सोडला?"

"आता भांडू नगंस. तुला रान घेऊन करायचं काय? घर हाय की वरचं. मरस्तवर ऱ्हा. मी काय हाकलतोय?"

"इचारायचं तर हुतंस."

"इचारलं की समद्यांम्होरं." त्यानं पुडी बांधली, दोरा तोडला. "तुदे, तू करपल्या भाकरीचंबी आभार मानतीस. मला वाटलं, ह्याचंबी मानशील."

गिऱ्हाईक हसलं. हद्दूही हसला. तुदा दुकानातून बाहेर आली ती कशी घरी पोचली, तिचं तिला कळलं नाही.

त्या दिवसापासून सांजचे आभार थांबले. भाकरी पुढ्यात घ्यायची आणि बघत बसायची. शेळीवर ओरडायची. पाण्याला गेली की बायांच्या अक्रोडानं काळ्या झालेल्या हातांत तिचे एकटीचे पांढरे हात दिसायचे, म्हणून ती सगळ्यांच्या आधी घागर भरून यायची. बापाचाही राग यायला लागला. कसली सवय लावून गेलास, मुकी बिचारी कुणीही हाका, असं करून ठेवलंस मला.

यामनामावशी एका दुपारी ताकाचं भांडं घेऊन आली. म्हातारीचं तोंड म्हणजे करवत.

"कुनी मेलंय का घरात?" तिनं विचारलं.

"मीच मेलीया असं समज."

"मग ताक मला ऱ्हाऊ दे, मेलेल्याला कशाला?" म्हातारी पसरून बसली. "हद्दूनं रान नेलं, ते समजलं. तोंडातला घास त्यानं न्हेला व्हय? तो तू हातानं दिलास."

"मावशी, आभार मानून मानून हे मिळालं मला. आता कुनाचं मानू?"

"ऐक. देवाचं आभार एक पोतं आन् भावाची चोरी दुसरं पोतं. तू दोनी एकात वतलीस, म्हनून उचलंना झालंय." मावशीनं ताक तिच्या हातात दिलं. "तुजा बाप रोज तुला काय इचारायचा? आज काय मिळालं, नाव घेऊन सांग. ज्याला मिळालेलं नाव घेऊन सांगता येतं, त्याला गेलेलं सांगता येत न्हाई व्हय? जा की जमातीत. सांग."

"बाया जात न्हाईत तितं."

"मग तू जा. पाय तर हाईत तुला?"

शुक्रवारी नमाज झाल्यावर म्हातारे मशिदीच्या भिंतीला उन्हाला बसले होते. वरच्या, डोंगराच्या पायऱ्यांच्या रानाचाही सौदा उरकायला हद्दू आला होता. तुदा समोर जाऊन उभी राहिली. कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, बाई, घरी जा.

"जाते. आधी बोलते," ती म्हणाली. "बाबाच्या तिसऱ्याला मी देवाचं आभार मानलं. भावाला रान दिलं, असं म्हनलं न्हाई. नदीकाठचं रान मला इचारल्याबिगर गेलं, माझ्या वाट्यासकट. आता वरचं चाललंय. फकीबाबा, तुमीबी तवा तितं हुता. तुमी समदीच हुता. ताटं पुढ्यात हुती, म्हनून गप बसला का?"

हद्दूच्या कपाळाला आठी पडली. "काय कमी न्हाई, असं हीच म्हनली. शंभर कानांनी ऐकलंय."

फकी म्हणजे मशिदीतले मौलवी. त्यांनी दाढी मुठीत धरली. मग म्हणाले, "मीबी रोज जेवून उठताना तेच म्हनतो, हद्दू. उद्या माझं ताट उचलून नेशील?"

एकदोघं हसले. फकी हसले नाहीत. "चुकलं आमचं," ते तुदाकडं न बघता म्हणाले. "आमाला सोयीचं वाटलं, म्हनून खरं मानलं."

दुपार कलेपर्यंत वाद चालला. नदीकाठचं रान परत आलं नाही. जायदचा सौदा पक्का, हद्दूनं आलेले पैसे केव्हाच दुकानात घातलेले. पण वरचं पायऱ्यांचं रान तुदाचं ठरलं, आणि बापाची पाटाच्या पाण्याची सगळी पाळीही. शरीयतीनं बहिणीचा वाटा लहान, पण त्याला बापाची सेवा जोडून म्हाताऱ्यांनी हिशेब मिटवला. म्हणजे जायदला रान मिळालं ते पाण्याच्या पाळीविना, कोरडं.

हद्दू खेचराला टाच मारता मारता म्हणाला, "चार मान्सांत मला नागडं केलंस. आजपासनं तुला भाऊ न्हाई."

तुदा जाणाऱ्या खेचराकडं बघत राहिली. लहानपणी ह्याच भावानं तिला पाठुंगळी घेऊन नदी ओलांडून दिली होती.

त्या सांजेला तिनं भाकरी पुढ्यात घेतली. यामनामावशीचं नाव घेतलं. फकींचं घेतलं, जरा थांबून. भावाचं नाव ओठापर्यंत आणून बघितलं. ते येईना. तिनं ओढलं नाही. भाकरी मोडली आणि पोटभर खाल्ली.

वसंतात बर्फ वितळलं आणि पाट भरून वाहायला लागला. आपल्या पाळीच्या दिवशी तुदा पहाटेच कुदळ घेऊन वर गेली. सातू घोट्याएवढा झाला होता. ती एकेक वाफ्याचं दारं मोडत होती. माती पाणी पिताना बारीक आवाज करत होती. ऊन डोक्यावर आलं तसा जायद बांधावर येऊन उकिडवा बसला.

"तुदे, पाणी आता सोड की खाली. माझा सातू पिवळा पडलाय. तुजं बी भागलंय. तू समाधानी बाई."

"भागलंय," ती म्हणाली. "लई भागलंय, अल्हम्दुलिल्लाह."

तो उठून पाटाच्या तोंडाकडं निघाला. तुदानं कुदळ आडवी धरली.

"बस, जायदभाऊ. तिकडं सावलीत बस. शेवटचा वाफा भरू दे माझा. मग माग, आन् माझ्याकडनं माग. दादाचं नाव काढू नगंस."

जायद मुकाट्यानं सावलीत जाऊन बसला. तुदानं पुढचं दारं मोडलं आणि पाणी तिच्या रानात वळलं.