कोमला मामांची खुर्ची

सेन्यो माझा धाकटा भाऊ. अर्धं आयुष्य सिअ‍ॅटलला संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्यात घालवून तो घानात, व्होल्टा भागातल्या आमच्या गावी परतला, तो विद्यापीठ काढायचं डोक्यात घेऊनच. भाऊबंद जमीन द्यायला कुरकुरत होते. कोमला मामांनी मात्र आपलं कसाव्याचं शेत दिलं. त्यात आमच्या आजोबांची कबर होती. मामांनी जमिनीवर मद्याची धार सोडली, आपल्या वडिलांची माफी मागितली आणि कबर हलवली. तिथे आज ग्रंथालय उभं आहे.

पुढे मामांची नात काफुई तिथल्याच प्रवेश परीक्षेला बसली आणि थोडक्यात हुकली. सेन्योने यादीला हात लावला नाही. मी म्हटलं, "अरे, घरचीच पोर आहे."

"म्हणूनच, ताई. हिला घेतलं तर उद्या मंत्र्याच्या पोराला कोणत्या तोंडाने नाही म्हणू?"

त्याचं खोटं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी मामा घरची खुर्ची उचलून ग्रंथालयात आले आणि कबर होती तिथेच, पुस्तकांच्या दोन रांगांमध्ये बसले. रोज येऊ लागले. बोलणं नाही, भांडण नाही. मुलं वळसा घालून जायची. पहारेकऱ्याची हात लावायची हिंमत होईना. सेन्यो काचेतून बघायचा आणि घरून आलेला जेवणाचा डबा तसाच परत पाठवायचा.

शेवटी तो त्यांच्यापुढे जमिनीवर बसला. "मामा, नियम मोडता येत नाही हो."

"नियम मोड असं कोण म्हणालं? पोरीला नाही म्हणालास, म्हण. पण फोनवर? मेसेज पाठवून?"

"सगळ्यांना तसाच जातो. दुजाभाव नको म्हणून."

"कबर मागायला आलास तेव्हा पाठवला होतास मेसेज? तेव्हा चालत आला होतास. माझ्या घरी जेवलास."

तेवढ्यात काफुई आली. डोळे सुजलेले, आवाज मात्र कडक. "आजोबा, घरी चला. मी नापास झाले ते गावाला कळलंय. आता मुलांना रोज कशाला दाखवता?"

मामा उठले. खुर्ची तिनेच उचलली. सेन्यो तिला "काफुई, पुढच्या वर्षी…" म्हणू लागला, तर ती म्हणाली, "नको, काका. मी होहोएच्या नर्सिंग कॉलेजला जातेय."

त्यानंतर तो दोनदा मामांकडे गेला. दोन्ही वेळा मामांनी पाणी दिलं, तब्येत विचारली आणि झोप येतेय म्हणून आत निघून गेले.

वर्ष सरायच्या आत मामा वारले. अंत्यविधीला आम्हा घरच्यांना शोकाचं लाल-काळं कापड वाटलं. सेन्योला कोणी दिलं नाही. तो साध्या काळ्या कपड्यात आला आणि विद्यापीठाच्या लोकांबरोबर पाहुण्यांच्या मंडपात बसला. मी मामीला कानात म्हटलं, "भाचा आहे तो."

"मोठा माणूस आहे," मामी म्हणाली. "त्याची सोय नीट केली आहे."

खरंच केली होती. पुढची रांग, थंड पाण्याची बाटली, उशी घातलेली खुर्ची. माती द्यायला घरच्यांची नावं पुकारली, तेव्हा तो अर्धवट उठला. त्याचं नाव आलं नाही. शेजारच्या प्राध्यापकाला वाटलं सर निघाले, म्हणून तोही उठला. सेन्यो मग बसला नाही, उभाच राहिला, सगळ्यांची माती देऊन होईपर्यंत.