चपट्या मुठीची सुरी

कंपनीचं पत्र आलं तेव्हा अर्चनाच्या हाताचे टाके निघून पंधरा दिवस झाले होते. विक्रमनं, तिच्या नवऱ्यानं, ते मोठ्यानं वाचलं. अपघात कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाला, मशीनची सुरक्षा-दांडी चालू होती, असं त्यात लिहिलं होतं.

"दांडी तारेनं बांधलेली होती," अर्चना म्हणाली.

"ते तुला माहीत आणि मला माहीत. आता तिथं नवीकोरी दांडी बसवलीय. फोटोही काढून ठेवलेत त्यांनी."

बोईसरच्या एमआयडीसीतल्या त्या खोक्यांच्या कंपनीत अर्चना नऊ वर्षं होती. त्यातली आठ वर्षं तिनं नमुने केले. नवीन खोक्याचं काम आलं की आधी एक खोकं हातानं कापून, दुमडून, चिकटवून गिऱ्हाइकाला दाखवायचं. हे काम तिच्याइतकं सुबक कुणाचं नव्हतं. मग नमुने कॉम्प्युटरवर निघायला लागले आणि तिला पुठ्ठ्यातून खोक्याचा आकार कापणाऱ्या पंचिंग मशीनवर उभं केलं. दोन लोखंडी पाट पुस्तकासारखे उघडतात आणि मिटतात. उघडे असताना पुठ्ठा सरकवायचा आणि मिटायच्या आत हात काढून घ्यायचा. पाटांच्या तोंडाशी आडवी दांडी असते. हात आत राहिला तर ती ढकलली जाते आणि मशीन जागच्या जागी थांबतं. पण कुणाचा नुसता पदर लागला तरी थांबायचं, माल कमी निघायचा. म्हणून सुपरवायझरनं दांडी बांधून टाकली. एका मंगळवारी दुपारी अर्चनाच्या उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं गेली.

पालघरच्या कामगार कचेरीत या अपघाताची सुनावणी होती. तीन आठवडे हातात होते.

"मी मशीन करून दाखवते, पुठ्ठ्याचं," ती म्हणाली. "पाट हलतील, दांडीही हलेल."

विक्रमनं पत्राची घडी घातली. मग म्हणाला, "आता हातात पातं धरू नकोस. झालं तेवढं पुरे."

"पात्यानं नाही घेतली माझी बोटं. तारेनं घेतली."

स्टेशनजवळच्या विनोदच्या स्टेशनरीच्या दुकानात ती वर्षानुवर्षं जात होती. विनोदनं आधी तिच्या हाताकडं पाहिलं आणि मग लहान मुलांची बोथट टोकाची कात्री काढून काउंटरवर ठेवली. "ही घ्या ताई. लागायची भीती नाही."

"ही पुठ्ठा कापत नाही, चावते," ती म्हणाली. "भीतीचं मी बघते. तुम्ही सगळं काढा."

त्यानं सगळं काढलं. मोठी कात्री तिनं अंगठा आणि अनामिकेत धरून पाहिली. सरळ रेष कापली गेली, पण वळणावर पाती एकमेकांपासून सुटायला लागली. पातं मोडत पुढं सरकवायचा कटर घेतला. त्याच्या पाठीवर दाब द्यायला तर्जनी लागते, ती नव्हती, त्यामुळे पातं डुलत होतं. मग पेनासारखी गोल सुरी घेतली. ती बोटांत गरगर फिरली आणि काउंटरवर पडली. विनोदनं खाली बघितलं. अर्चनानं ती उचलून परत ठेवली.

"मूठ गोल नको," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "चपटी पाहिजे, म्हणजे फिरणार नाही."

तशी सुरी शेवटी औषधाच्या दुकानात मिळाली. डॉक्टर वापरतात ती, चपट्या स्टीलच्या मुठीची, टोकदार पातं बदलता येणारी. मुठीवर तिनं सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. मूठ तळव्यात टेकवायची, अंगठा एका बाजूला, अनामिका दुसऱ्या बाजूला. पहिल्या दिवशी एकही रेष सरळ आली नाही. चौथ्या दिवशी आल्या. जाड पुठ्ठ्याला तिनं मोठा कटर मुठीत आवळून धरला, स्टीलच्या पट्टीच्या कडेनं हलक्या हातानं चार-पाच वेळा ओढला. दुमडायच्या रेघा संपलेल्या बॉलपेननं दाबल्या. पातं जरा बोथटलं की बदलायची. विक्रम म्हणाला, नवं पातं जास्त लागेल. "बोथट पात्याला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की हात सटकतो," ती म्हणाली.  तिच्या डाव्या हाताखालची पट्टी ढळू नये म्हणून विक्रम रोज कामावरून आला की पट्टीचं दुसरं टोक दाबून बसायचा.

सुनावणीच्या आधी नवसी येऊन गेली. ती मनोरकडच्या पाड्यावरची, अर्चनाच्या शेजारच्या मशीनवर काम करणारी. तिनं पुठ्ठ्याचं मशीन फिरवून बघितलं.

"असंच हाय," ती म्हणाली. "मी बोलले तं मला गेटवरून परत पाठवतील. पण इचारलं तं सांगीन. तार मीच धरलेली, सुपरवायझरनं पिळली."

पालघरच्या कचेरीत, सुनावणी घेणाऱ्या साहेबांसमोर, कंपनीचा मॅनेजर ते मशीन बघून हसला. "साहेब, हे यांनी केलेलं नाही. या हातानं होणारच नाही. कुणाकडून तरी करून आणलंय."

अर्चनानं पिशवीतून सुरी काढली. टेबलावरचा एक कोरा पुठ्ठा घेतला आणि उभ्या-उभ्या त्यातून एक गोल कापला, बांगडीएवढा. कड कुठंही तुटली नव्हती. तो तिनं मॅनेजरसमोर ठेवला.

"आता दांडीचं बोलू," ती म्हणाली.

तिनं साहेबांकडं पेन्सिल मागितली आणि मॅनेजरच्या हातात दिली. "ही पेन्सिल म्हणजे माझं बोट. दांडी चालू आहे. चिरडून दाखवा."

मॅनेजरनं पेन्सिल आत धरून पाट मिटवायचं बाजूचं हँडल फिरवलं. पेन्सिलीनं दांडी ढकलली, पुठ्ठ्याची खीळ पडली आणि पाट अर्ध्यावर थांबले. त्यानं पुन्हा केलं, मग पेन्सिल तिरकी धरून केलं. पाट मिटेनात.

"आता बांधा," साहेब म्हणाले.

अर्चनानं दांडीला दोरा बांधला. पाट मिटले. पेन्सिल मधे चिमटली गेली.

"दांडी चालू असती तर बोटं माझ्या हाताला असती," अर्चना म्हणाली. "निष्काळजीपणा कुणाचा ते आता तुम्हीच लिहा."

बाहेर बाकावर बसलेल्या नवसीला साहेबांनी आत बोलावलं. तिनं विचारलं तेवढं सांगितलं, आणि न विचारलेलंही सांगितलं.

अहवालात दांडी बांधलेली होती असंच नोंदलं गेलं. कंपनीला पत्र मागं घ्यावं लागलं. नवसीला कुणी गेटवरून परत पाठवलं नाही, तिच्या मागे आणखी सहा बायका जबाब द्यायला उभ्या राहिल्यावर तशी हिंमत कुणाची झाली नाही. मॅनेजरनं अर्चनाला निरोप धाडला, हलकं काम देतो, गेटवर रजिस्टर सांभाळायला ये.

तिनं उलट निरोप पाठवला, "नमुन्याचं टेबल परत द्या, नाहीतर येत नाही."