परग्रहावर निघालेला नवरा

"पिच्चर बघू दे की जरा गप," विनोद उशीवर कोपर टेकवत पुटपुटला.

टीव्हीवरचा शास्त्रज्ञ तान्हं लेकरू सोडून परग्रहावर निघाला होता, आणि पंचशीलाचं तोंड काही थांबत नव्हतं. "एवढं मोठं यान, पण संगं खायला दोन धपाटे न्हाईत. बायको निसती खिडकीत रडायला ठेवलीय. असल्या पिच्चरात बाई कधी निघतच न्हाई."

बँकेत बढती मिळून पंचशीलाची दूर नायगावला बदली झाली होती. आठवडा झाला, चाकूरच्या या घरात कुणी नायगावचं नाव काढलं नव्हतं. ती आपणहून नको म्हणेल, याचीच सगळे वाट बघत होते.

"तो जग वाचवायला चाललाय," विनोद म्हणाला.

"अन् मागं घर कोण बघायलंय? ते दाखवीत न्हाईत."

शेंगा फोडत बसलेल्या सासूबाई हसल्या. "विन्या, जगाचं काय सांगतूस तिला? भाकरी कोण थापंल, ते म्हण की सरळ."

विनोदनं टीव्हीचा आवाज वाढवला. पंचशीलानं उठून टीव्हीच बंद केला.

"आत्याबाई, थापायला शिकवा ह्यांना. मी सोमवारी नायगावला हजर होणार हाय."