सासू-जावयाच्या मधला कुत्रा

मी शुंगा बोलतोय. आमच्या नाकोडा भाषेत शुंगा म्हणजे कुत्राच. नाव ठेवायचा कंटाळा केला, दुसरं काय! अमेरिकेतल्या आमच्या आदिवासी जमातीला बाहेरचे लोक असिनिबॉइन म्हणतात. म्हणोत बापडे.

लॉजपोल गावातल्या एका बंद पडलेल्या ट्रकखाली मी जन्मलो. थेल्मानं मला उचलून घरी आणलं. घरात तिची आई अर्सुला आणि नवरा ऑर्विल. आमच्यात सासू आणि जावई एकमेकांशी बोलत नाहीत, नजरेला नजरही देत नाहीत. भांडण नव्हे हो, मान असतो तो. थेल्मा मधे बसायची आणि इकडचं तिकडे पोचवायची.

मग थेल्मा गेली. कित्येक दिवस घरात चमच्यांचाच काय तो आवाज. शेजारीपाजारी, नातवंडं, सगळी इंग्रजीत बोलतात. आसपास नाकोडा येणारी ही दोनच माणसं उरली होती, आणि तीच एकमेकांशी बोलायची नाहीत.

एका सकाळी अर्सुला माझ्याकडे बघून म्हणाली, "शुंगा, सूप निवतंय. काही जणांना जेवायलाही आमंत्रण लागतं."

ऑर्विल खिडकीबाहेर बघत मलाच म्हणाला, "शुंगा, काही जणी मीठ विसरतात, म्हणून पाय उचलत नाही."

लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, तसं. फक्त लेकीच्या जागी मी.

तेव्हा जो जुंपला गेलो तो आजवर. थेल्माच्या आठवणी, मेलेल्या घोड्यांच्या खोड्या, चोकचेरीची आंबट रानफळं कुठल्या ओढ्याला जास्त लागायची यावरून वाद, सगळं मलाच सांगायचं. मी उठून बाहेर गेलो की अर्ध्या वाक्यात दोघं गप्प. मुतायलासुद्धा पळत जाऊन यायचं. थकलो बाबा.

त्यात गेल्या हिवाळ्यात माझे कान गेले. मी कुणाला कळू दिलं नाही. ओठ हलले की शेपूट हलवायची, एवढंच. बहिऱ्याशी कोण बोलेल? आणि ही दोघं गप्प झाली तर आमची भाषा राहायची कुठं? मला त्यांच्या आवाजाची फार आठवण येते.

परवा ऑर्विल एकदम दचकला. का ते मला कळेना. मान वळवली तर माझ्या पाठीशी लोखंडी झाकण पडलेलं, आणि अर्सुला माझ्याकडे टक लावून बघत होती. मी बहिरा हे कळलं हिला. संपलं सगळं, म्हटलं.

तिनं झाकण उचललं, माझ्यासमोर खुर्ची ओढली आणि तिचे ओठ हलू लागले. बराच वेळ हलत होते. खिडकीशी ऑर्विलचे खांदे हसून हसून गदगदत होते. मग तोही काहीतरी बोलला. शेपूट हलवायची मी विसरलो, तरी दोघं थांबली नाहीत.

आता माझं फार राहिलेलं नाही. एकच मागणं आहे. मी मेलो तर लगेच पुरू नका. जमीन गोठलीय, मी काही लवकर नासणार नाही. राहू द्या मला तसाच चुलीपासून लांब, दाराशी, आणि तुमचं राहिलेलं बोलणं बोलून घ्या.